जेवणाच्या सुट्टीतली हवा

काका आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी आले ते खिशात उदबत्ती घेऊन. दारातच उभं राहून त्यांनी ती पेटवली. आम्हाला वाटलं, माणूस श्रद्धाळू दिसतोय, नव्या जागेत पाऊल टाकण्याआधी देवाला ओवाळतोय. मी तर खुर्चीवरून उठून उभीही राहिले. पण भिंतीवरच्या गणपतीकडे काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उदबत्ती छातीशी धरून ते टेबलांमधून सावकाश फिरले, धूर कुठं वळतो ते डोळे बारीक करून पाहत राहिले आणि माझ्या जागेपाशी थांबून म्हणाले, "बाई, तुमी रोज दुपारी पेंगत असाल."

मी पेंगत होते. ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं. काकांचं म्हणणं असं की एसीची हवा मधल्या कपाटावर आपटून मागं फिरते आणि माझ्या कोपऱ्यापर्यंत येतच नाही. मी दिवसभर आपलाच श्वास पुन्हा पुन्हा आत घेत बसते. त्यांनी कपाट हलवायला लावलं. माझी झोप गेली की नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ते कपाट पुन्हा जागेवर मात्र नेऊ दिलं नाही.

आमचं ऑफिस सुप्याच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये. माणसं पाच. काम असं की एखाद्या जागेचा आकार संगणकात उभा करायचा, त्याचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात हवा कुठून येते, कुठं जाते, जाताना बरोबर काय नेते याचं गणित संगणकाकडून सोडवून घ्यायचं. आजवर आम्ही कारखान्यांची धुराडी आणि कोल्ड स्टोरेज केली होती. मग विदर्भातल्या एका कोळसा खाणीचं काम आलं. जमिनीखालच्या बोगद्यांत हवा नीट पोचते का, गॅस कुठं साचतो का, ते सांगायचं होतं. आमच्यातल्या एकानंही खाण पाहिलेली नव्हती. नगर जिल्ह्यात कोळसा फक्त इस्त्रीवाल्याकडे. तेव्हा आमच्या साहेबांनी काकांना शोधून काढलं. काकांची सगळी नोकरी विदर्भातल्या खाणींत झाली होती, शेवटी ते तिथल्या हवेचे अधिकारी होते. निवृत्त होऊन पारनेरच्या वाटेवरच्या आपल्या गावी परतले होते, दोन गाई पाळून होते.

काकांना हवा दिसायची. दुसरे शब्द मला सापडत नाहीत. एसटीत चढले की आधी कुठल्या खिडक्या उघड्या आहेत ते बघायचे आणि मगच जागा धरायचे. उभं राहावं लागलं तरी चालेल, पण चुकीच्या जागी बसणार नाहीत. साहेबांच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना त्यांनी मांडववाल्याला बोलावून दोन मोठे पंखे फिरवायला लावले, कारण म्हणे स्वयंपाकाचा धूर नवरीच्या अंगावर येत होता. अक्षता पडल्या, पण निम्म्या लोकांच्या डोळ्यांत गेल्या. घरी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला खाली एक आणि वर एक अशी भोकं पाडून घेतली होती. काकू मला म्हणाल्या, "खालचं सापासाठी, वरचं चिमण्यांसाठी. मधी आमी दोघं." काकांना त्यात काही विनोद वाटला नाही. चिमण्यांनी घरटं केलं तर वरचं भोक बंद होईल, एवढीच काळजी त्यांना होती.

बोलणं कमी. पण एक वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं, "हवा आळशी असती. सोपी वाट दावली, की अवघडीनं जायाची न्हाई." कुणी चुकलं की हे वाक्य, कुणी बरोबर निघालं तरी हेच. आमची एक सहकारी नोकरी सोडून पुण्याला गेली तेव्हाही काकांनी हेच म्हटलं. तिला राग आला होता, मला पटलं होतं.

संगणकाचं आणि त्यांचं मात्र जमेना. आम्ही त्यांना पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचो. गॅस जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं. काका चष्मा कपाळावर सारून म्हणायचे, "चित्र ग्वाड हाय. आता ह्ये सांगा, मी हितं उबा हाय, माज्या नाकाशी काय?" मी आकडा सांगायचे. मग ते ऑफिसच्या मध्यभागी उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "आता?" मी दुसरा आकडा सांगायचे. मग स्टुलावर चढायचे, हात छताला लावायचे. "आता?" असा एका माणसाच्या नाकानं आम्ही तो सगळा बोगदा तपासला. बाकीचे हसायचे. मीही आधी हसले, मग लक्षात आलं की या उठाबशांत माझ्या दोन चुका सापडल्यात. एका जागी तर मी छताची उंचीच चुकीची धरली होती.

खाणीतून आलेल्या मोजमापांशी आमची उत्तरं ताडून पाहायची वेळ आली, तेव्हा ती अशी तंतोतंत जुळली की साहेबांनी पेढे आणले. खाणीच्या नोंदवहीत प्रत्येक ठिकाणी हवेचा वेग लिहिलेला होता, आणि आमचा संगणक तोच वेग सांगत होता. म्हणजे आमचं गणित खरं. आणि त्या गणितात गॅस कुठंच साचत नव्हता. अहवाल लिहून झाला, खाली सही तेवढी राहिली. एक माझी, एक काकांची.

काकांनी पेढा खाल्ला, पण सही केली नाही. म्हणाले, हवा एवढी शिस्तीची नसते. एकदा चालून बघू. म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. शेडबाहेरच्या कोब्यावर काकांनी खडूनं तो बोगदा खऱ्या मापानं आखला होता. बोगद्यातली हवा कामाच्या टोकापर्यंत वळवायची, तर मध्ये एका जागी जाड कापडाचा पडदा टांगलेला असतो. तो नसला तर हवा टोकाला न जाताच जवळच्या वाटेनं परत फिरते. काकांनी तिथं दोरी बांधून घरची चादर टांगली होती. कोळसा भरून नेणाऱ्या लोडर यंत्राच्या जागी आमच्या शेजारच्या कारखान्याची हातगाडी. चालक मी.

मला फक्त एवढंच करायचं होतं की टोकाला जायचं, कोळसा भरल्यासारखं करायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. काका खुर्ची टाकून बघत बसले. कारखान्याचे लोक कुंपणापाशी गोळा झाले. पहिल्या फेरीला मी चादर हातानं बाजूला केली, गाडी नेली, चादर सोडली. दुसऱ्या फेरीला ती चाकात अडकली. तिसऱ्या फेरीला तोंडावर आली, तिच्यावरची धूळ डोळ्यांत गेली. चौथ्या फेरीला मी गाडी थांबवली, चादर गोळा केली आणि शेडच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवून टाकली. मग काम झकास चाललं.

काका खुर्चीवरून उठले. "पडदा का वर केलास?"

"सारखा आडवा येतोय, काका. काम कसं करायचं?"

ते खिळ्यापाशी गेले, अडकवलेली चादर हातानं चाचपून पाहिली. एरवी मला अहोजाहो करणारा माणूस एकदम अगंतुगंवर आला होता, हे मला नंतर जाणवलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि खाणीतल्या त्या अधिकाऱ्याला लावला, ज्याच्या सहीची नोंदवही आमच्याकडे होती. तो एकेकाळी काकांच्याच हाताखाली शिकलेला. काकांना फोन कानाला लावता येत नसे, ते नेहमी स्पीकरवर बोलायचे, त्यामुळे मी ते सगळं ऐकलं. काकांनी त्याला विचारलं की ही मोजमापं दिवसातल्या कोणत्या वेळेला घेतली.

तो म्हणाला, "नेहमीच्याच वेळेला, सर. जेवणाच्या सुट्टीत. यंत्र बंद असतं, पडदा खाली असतो, बोगद्यात शांतपणे उभं राहता येतं. तुम्हीच तर शिकवलं होतं."

यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. यंत्र चालू असताना त्या अरुंद बोगद्यात हवा मोजत उभं राहणं म्हणजे चिरडून घेणं, म्हणून काकांना त्यांच्या वरिष्ठांनी जेवणाची सुट्टी शिकवली, काकांनी ती पुढच्यांना शिकवली. सगळे आकडे खरे होते, पण ते ज्या खाणीचे होते त्या खाणीत काम चाललेलं नव्हतं. आणि आमचा संगणकही त्याच खाणीशी जुळला होता. मी आत जाऊन पडदा वर केला, बोगद्यात लोडर उभा केला आणि गणित पुन्हा लावलं. चार वाजता उत्तर आलं. टोकाच्या कोपऱ्यात छताखाली लाल पट्टा होता.

अहवाल बदलला. एकाऐवजी दोन पडदे, लोडर मावेल एवढं अंतर सोडून टांगायचे, म्हणजे एक उचलला तरी दुसरा खाली राहतो, आणि मोजमाप काम चालू असतानाच घ्यायचं, त्यासाठी भिंतीत माणूस उभा राहील एवढा कोनाडा खोदायचा, असं आम्ही लिहिलं. खाणीनं ते मान्य केलं. साहेब खूश झाले. काकांनी सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला लागलंय. आयुष्यभर शिकवलं तेच चूक निघालं, कुणालाही लागेल. आठवडाभरानं ते आले. उदबत्ती नव्हती. दिनदर्शिकेच्या पानामागं पेन्सिलीनं काढलेला एक बोगदा त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "ह्यो माजा हाय. जुना. एवढा लावून द्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या दिवसाआधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावचा सदाशिव त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, मित्र. काकांनीच त्याला खाणीत लावलं. तो सरदार झाला, म्हणजे एका भागातल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी असणारा. पाळी सुरू होताना गॅस तपासायचा, मग माणसं आत सोडायची, हे त्याचं काम. एका सकाळी त्यानं तपासलं, वहीत लिहिलं, माणसं सोडली. दोन तासांनी छत ठोकून बघायला तो कोळशाच्या ढिगावर चढला, छतातल्या खोबणीत त्याचं डोकं गेलं, आणि तो तिथूनच खाली पडला. वर निव्वळ गॅस होता. श्वासालाच हवा नव्हती. बाहेर आणेपर्यंत संपलं होतं.

चौकशी झाली. हवेच्या नोंदी मागवल्या गेल्या. काकांनी साक्ष दिली की त्या भागात हवा भरपूर होती, आणि आपली हवेच्या मोजमापांची वही दाखवली. चौकशीवाल्यांनी त्यावरून सरळ अर्थ काढला. एवढी हवा असताना दोन तासांत गॅस साचणं शक्य नाही, म्हणजे तो सकाळपासूनच होता, म्हणजे सदाशिवनं तपासलंच नाही, नुसतं वहीत लिहिलं. हलगर्जीपणा, असा शेरा बसला. गावात तो शेरा पोचायला दोन दिवस लागले आणि तो आजवर तिथंच होता. लोक वाईट अर्थानं म्हणत नसत, पण म्हणत. पोरांना सांगताना म्हणत, नीट काम करा, नाहीतर सदूसारखं होईल. सदाशिवची बायको इंदूवहिनी काकांच्या घरापासून चार घरं सोडून राहते. निवृत्त होऊन आल्यापासून काका रोज तिच्या दारावरून जात होते.

"वही जेवनाच्या सुट्टीतली हुती," काका म्हणाले. "मला आता कळलं. त्येनं तपासलं आसंल, तर गनितात निगंल ना?"

मी म्हटलं, निघेल. पण मला भीती वाटली. निघालं नाही तर काय? दोन तासांत गॅस साचत नाही असंच उत्तर आलं तर? तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पेन्सिलीच्या नकाशात कुठं काय धरायचं हे माझ्याच हातात आहे, थोडं इकडंतिकडं करून हवं ते उत्तर काढता येईल. हे मी आज उघड सांगते, कारण काकांनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं. ते म्हणाले की प्रत्येक आकडा त्यांच्यासमोर भरायचा, आणि जिथं शंका असेल तिथं सदाशिवच्या विरुद्ध जाईल तोच आकडा घ्यायचा. दोन दिवस ते माझ्या शेजारी बसून होते. पंखा कोणत्या अंगाला होता, खोबण किती खोल होती, त्यांना सगळं पाठ होतं. कुठंही अडखळले की मी सदाशिवला वाईट तोच आकडा टाकला. त्या बोगद्यातही तसाच पडदा असायचा; आधी मी तो खाली ठेवून गणित लावलं. खोबण स्वच्छ राहिली. ती वहीतली खाण होती.

मग काम चालू असताना असतो तसा पडदा वर केला. संगणक दुपारभर चालला. काका स्टुलावर बसून राहिले, चहाला हात लावला नाही. उत्तर आलं तेव्हा मी त्यांना रंग दाखवले नाहीत, ते विचारायचे तसंच सांगितलं, "काका, सदाशिवकाका ढिगावर उभे आहेत. सकाळी नाकाशी काही नाही. दीड तासानं श्वास घेता येत नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी त्येनं तपासलं हुतं." आणि थोड्या वेळानं, "मी त्याला दोनदा मारलं." मी नाही म्हणाले, तुम्ही खरं तेच सांगितलं होतं म्हणाले, आणखीही पुष्कळ बोलले. त्यातलं त्यांनी काहीच ऐकलं नाही. मला तेव्हा त्यांच्याबद्दल जे वाटलं ती माया होती, आणि ती मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही.

त्या संध्याकाळी ते इंदूवहिनींकडे गेले. काय झालं ते मला काकूंकडून कळलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, रडल्या नाहीत. म्हणाल्या की मला हे ठाऊकच होतं, खाटेवर बसायच्या आधी ती हलवून बघणारा माणूस होता तो. मला सांगून काय उपयोग, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.

म्हणून दोन दिवसांनी सकाळी मी काकांच्या गावच्या दूध डेअरीवर उभी होते. काकांनी मला कागद घेऊन बोलावलं होतं. सकाळी दूध घालायला सगळं गाव तिथं येतं, कॅन घेऊन रांग लागते. काका स्वच्छ पांढरा सदरा घालून पायरीवर उभे राहिले आणि बोलायला लागले. पडदा, लोडर, हवेचा वेग, छताखालचा थर, नोंदवही. मी छापलेली चित्रं पुढं धरली. लोक अदबीनं ऐकत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. एकानं हळूच विचारलं, डेअरीत नवीन पंखा बसणार आहे का. काका घामाघूम झाले. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, तर ते अजूनच अवघड झालं. म्हाताऱ्याचा आवाज चिरका झाला. मी मध्ये पडून सोपं करून सांगणार तेवढ्यात रांगेतून इंदूवहिनी पुढं आल्या. हातातला कॅन त्यांनी खाली ठेवला.

"भावजी, थांबा," त्या म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "ह्यांचं म्हननं आसं हाय, की माजा मानूस त्या दिशी नीट काम करीत हुता. चूक वहीची हुती. झालं."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मापाड्यानं माप खाली ठेवलं.

"व्हय," काका म्हणाले. "तेवडंच."

वहिनींनी कॅन उचलला, रांगेतल्या आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पुढचे चौघं एकेक करून बाजूला झाले.